मुक्त झालेले लोक आणि त्यांच्यातील परका

वाचन : लेवीय १९:३३-३४



मिसरच्या दास्यातून सोडवलेल्या इस्राएलाला देवाने परक्याविषयी एक आज्ञा दिली. परक्याला छळू नये, तर त्याच्यावर आपल्यासारखीच प्रीती करावी; कारण इस्राएलही एके काळी परका होता. नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांनाच ही आज्ञा का? कारण बेडी तुटलेला हातच चाबूक उचलण्याची भीती असते.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. डच सत्ता परतू पाहत होती. तो लढा न्याय्य होता, हे आम्हां भारतीयांना कोणी सांगायला नको. त्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या हुकमाने सुराबायात उतरलेल्या हिंदी फौजेत, बेळगावी केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाईही होते.

पण त्याच लढ्यात जून १९४६ मध्ये, जाकार्ताच्या पश्चिमेस तांगेरांग भागात, चिनी वंशाचे ६०० हून अधिक लोक मारले गेले. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. शेकडो घरे जाळली गेली. एका चिनी शिपायाने राष्ट्रध्वज उतरवला, अशी बातमी पसरली होती; ती निमित्त झाली.

डचांनी चिन्यांना कायद्याने निराळे ठेवले होते आणि त्यांतल्या थोड्या धनिकांना कराचे व अफूचे मक्ते दिले होते. राज्यकर्ता दूर असे. दुकानदार रोज समोर दिसे. राग त्याच्यावर निघाला. परंतु तांगेरांगचे बहुतेक चिनी गरीब शेतकरी होते. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथेच राबले होते. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या रक्ताने चुकता केला गेला.

सुतान शहरीर हे त्या लढ्यातलेच पुढारी. त्यांनी १९४५ सालीच 'आमचा लढा' या पुस्तिकेत चिनी, अंबोनी आदी अल्पसंख्यांवरील हल्ल्यांचा निषेध केला होता. आपल्याच लोकांना असे सांगायला धैर्य लागते.

प्रियांनो, आमच्यापैकी पुष्कळजण दुसऱ्या भाषेच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो आहोत. 'हे बाहेरचे' हा शब्द कानाला कसा लागतो, हे आम्ही जाणतो. मग शेजाऱ्याविषयी तोच शब्द कोणी काढील, एखादी अफवा दारी येईल, तेव्हा आम्ही ती पुढे धाडणार की तिथेच थांबवणार? गप्प राहणे हेही उत्तरच आहे, आणि प्रभू ते ऐकतो.

तो आम्हांस बोलण्याचे धैर्य देवो. आमेन.