मुलाचा खेळ आणि आपला धर्मग्राम



मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर खेळतो, अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात. पात्र होऊन अनेकांसोबत खेळायच्या या खेळांना शेवट नसतो. एक पातळी संपली की दुसरी उघडते, आणि गटातले सोबती वाट पाहत असतात. हा सगळा वेळ वायाच का?

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाचे स्नायू जन्मजात आजाराने दुबळे होत गेले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तो तासन्‌तास रमे. मुलगा एकाकी आहे, असे आईवडिलांना वाटे. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा खेळातल्या मित्रांची सांत्वनपत्रे आली. काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. त्याने त्यांना धीर दिला होता. तो वेळ वाया गेला, असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र मॅट्सला दुसरे दार फारसे उघडे नव्हते. आपल्या मुलांना आहे? ‘बाहेर जाऊन खेळ’ म्हणावे, तर माहुलच्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेच २०१५ मध्ये म्हटले. शिवाय खेळात त्याच्यावाचून गटाचे अडते. घरात, चर्चमध्ये त्याच्यावाचून कुणाचे अडते?

झोप, जेवण, अभ्यास सुटूनही खेळ सुटत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनाही या अवस्थेला आजार मानते. एरवी मोबाईल हिसकावण्याआधी शेजारी बसून विचारा, तुझ्यासोबत कोण खेळते?

रविवारच्या वाचनासाठी व गायनासाठी आम्हाला मुले हवी आहेत. मिस्सा झाल्यावर नावे द्यावीत.