झाडू, यंत्र आणि अपरिग्रह

अपरिग्रह, म्हणजे गरजेपुरतेच जवळ ठेवून बाकीच्या संग्रहाचा मोह टाळणे, हे तत्त्व जैनांच्या महाव्रतांत आणि पातंजल योगाच्या यमांत मोडते. त्याची कसोटी दारावर विकायला येणाऱ्या महागड्या व्हॅक्यूम क्लीनरलाही लागते. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने रुजवलेल्या या विक्रीपद्धतीत विक्रेता गादीतली धूळ काढून दाखवतो आणि, गंमत अशी की, तोवर न जाणवलेली उणीव यंत्राच्या आधी घरात येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत गालिचा नसतो, फरशी असते, आणि तिला केरसुणी व ओले फडके पुरते. याच जिल्ह्यातल्या शेगावच्या गजानन महाराज संस्थानात तर सेवेकरी विनावेतन झाडतात, कारण तेथे झाडणे हीच सेवा, म्हणजे फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म, मानली जाते. मात्र घरातला झाडू बहुधा स्त्रीच्याच हाती असतो, आणि ज्याने तो कधी धरला नाही त्याने केरसुणीचे माहात्म्य सांगणे हा वैराग्याचा सोयीस्कर प्रकार होय. म्हणून दम्याचा रुग्ण किंवा कंबर धरलेली वृद्धा असलेल्या घरी असे यंत्र परिग्रह ठरत नाही. तेथे प्रश्न केवळ किमतीचा उरतो, आणि दुकानातले साधे यंत्रही बहुधा तेच काम करते.