माणूस नसलेले विमान

महाड-पोलादपूरच्या आम्हा कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांची चूल आखातावर पेटते. होर्मुझची बातमी आम्हांला घरचीच. २० जून २०१९ रोजी इराणने तेथे अमेरिकेचे टेहळणी ड्रोन पाडले. ते कुणाच्या हद्दीत होते, यावर दोघांचे एकमत झालेच नाही. ट्रम्प यांनी प्रतिहल्ला ऐन वेळी थांबवला. निर्मनुष्य यंत्रापायी दीडशे जीव घेणे प्रमाणाबाहेर, म्हणाले. हा हिशेब आम्हांला पटला. वैमानिक मेला असता तर तो टिकला असता? पण वैमानिक असता, तर विमान इतक्या जवळ धाडले असते का? फौजी आंबवड्यात मुलगा सीमेवर पाठवताना घर रात्रभर जागते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान दोघांनीही ड्रोन सोडले, तेव्हा कोणते घर जागले?