वारसा आणि कर्ज

मुलाला इतिहास दाखवावयाचा, म्हणजे नेमके काय दाखवावयाचे? कामोठ्याहून रायगडची सहल आखताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. १६७४ साली जेथे शिवराय छत्रपती झाले तो गड दाखवावा, याबद्दल वाद नाही. परंतु वाटेत महाड लागते, आणि महाडात चवदार तळे आहे. नगरपालिकेच्या ठरावानंतरही जे पाणी अस्पृश्यांना वर्ज्य होते, ते २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी प्याले. मग सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली.

कोवळ्या मनाला ही लाज कशाला, असे कोणी म्हणेल. पण राज्याभिषेकही माझ्या मुलाने केलेला नाही. त्याचा अभिमान जर तो वारशाने घेणार, तर त्या वारशावरचे कर्ज कोणी फेडावयाचे? अमेरिकेत वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथे वाड्याबरोबर गुलामांची वसतिस्थानेही दाखवतात, ती याचसाठी. शिवाय तळ्याकाठी नुसती लाज नाही, धैर्यही आहे.

तेथे मुलगा विचारील, ‘‘बाबा, पाणी पिण्यात कसला पराक्रम?’’ त्याचे उत्तर देण्याची तयारी बापाने निघण्यापूर्वीच करावयास हवी.