बादलीतली वही

उत्तर आधी आणि रीत मागाहून, ही माझी शाळेपासूनची पद्धत. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरून उत्तर उतरवायचं आणि मग वरच्या मोकळ्या जागेत त्याला शोभेल अशी रीत बसवायची. मास्तर उत्तर बघत आणि बरोबरची खूण करत. ही विद्या म्हातारपणी कॉम्प्युटरवर पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. (खजिना नाही, फक्त खजिनदार आहे.) २४ बिऱ्हाडं, प्रत्येकाला पाण्याचं मीटर आणि उन्हाळ्यात टँकर. टँकरच्या बिलात कोणाचा वाटा किती, यावरून दर मे महिन्यात आमच्या गच्चीवर पानिपत होतं. तेव्हा आमच्या कन्येने मला 'ज्युपिटर' नावाची वही शिकवली. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांवरून हे नाव पडलं. शिवाय १६१० साली गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहून जी टिपणं केली, त्यांनाही त्यात नमस्कार आहे. गॅलिलिओने चंद्र मोजले, मी टँकर मोजू लागलो. ज्याचं त्याचं आकाश!

या वहीत चौकोन असतात. चौकोनात आज्ञा लिहायची, चालवायची, की खाली उत्तर उमटतं. गंमत अशी, की चौकोन वाटेल त्या क्रमाने चालवता येतात. आणि एखादा चौकोन पुसून टाकला तरी त्याने केलेला उद्योग यंत्राच्या डोक्यात तसाच राहतो. म्हणजे कारण नाहीसं, कार्य शिल्लक.

माझी पहिली वही मी भाड्याच्या, कुठल्या तरी दूरच्या यंत्रावर लिहिली. यंत्र बंद केलं, वही गेली. भाडेकरू गेला की खोली धुऊन काढावी, तशी तिथली रीत. "बाबा, वही ढगात ठेवा," कन्या म्हणाली. हा ढग जमिनीवरच असतो हे मला तेव्हा कळलं. अ‍ॅमेझॉनने असं कोठार २००६ साली उघडलं आणि २०१६ पासून त्यांचं एक ठाणं मुंबईतही आहे. एकाच वस्तूच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवतात. ९९ च्या पुढे टिंब आणि त्यापुढे आणखी नऊ वेळा ९, इतके टक्के टिकाऊपणा असावा असा त्यांचा बेत. आमच्या लग्नाच्या वेळी इतकी खात्री भटजींनीही दिली नव्हती. त्या कोठारातल्या आपल्या कप्प्याला 'बकेट' म्हणतात. "पाण्याचा हिशेब बादलीत! बरं केलंत," आमची ही म्हणाली.

या बादलीत खाडाखोड चालत नाही. एक अक्षर बदललं तरी अख्खी वही नव्याने टाकावी लागते. जुनी वही एरवी तिच्याखाली गडप होते. पण कन्येने अशी सोय करून ठेवली होती, की प्रत्येक जुनी आवृत्ती तळाशी शाबूत राहावी.

वाट्याचा तक्ता मी सूचनाफलकावर लावला. सभेच्या आदल्या रात्री यंत्र नव्याने सुरू केलं, वही पहिल्या चौकोनापासून चालवली, तर आमचाच वाटा चारेकशे रुपयांनी वाढला! मी यंत्राला शिव्या दिल्या. मग बादलीतली जुनी आवृत्ती काढून पाहिली. तीत एक चौकोन होता, माझ्याच हातचा: आमचं रीडिंग ३१ ऐवजी १३ धरलं तर काय होईल? गंमत म्हणून चालवलेला आणि मग पुसलेला. चौकोन गेला, १३ राहिले. फलकावर तेच लागले.

आता काय करावं? चारशे रुपये २३ घरांत वाटले तर घरटी सतराएक रुपये. सतरा रुपयांनी कोणी मरत नाही, हा जगातल्या सगळ्या अफरातफरींचा मूलमंत्र आहे. पण तळाशी ती वही होती ना! मी कन्येला फोन करून सहज विचारावं तसं विचारलं, "का गं, जुनी आवृत्ती काढता येते का?"

"नुसती पुसली तर वर फक्त 'पुसलं' अशी चिठ्ठी लागते, वही खालीच राहते. पण तिचा क्रमांक देऊन काढली तर कायमची जाते. किल्ली तुमच्याकडेच आहे, बाबा. का हो?"

"काही नाही."

झोप लागेना. चित्रगुप्त लिहून ठेवतो म्हणून सरळ वागायचं, याला सरळपणा म्हणावं की भीती? आजवर हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण चित्रगुप्ताच्या कपाटाची किल्ली कधी माझ्या खिशात नव्हती. आता होती. म्हणजे उद्या मी खरं बोललो तर ते पकडला जाईन म्हणून नसेल. आयुष्यात पहिल्यांदाच मला प्रामाणिक होण्याची खरीखुरी संधी आली होती आणि ती सतरा रुपयांची होती! रामशास्त्र्यांच्या वाट्याला काय प्रसंग आले, आणि आमच्या काय!

सकाळी नवा तक्ता लावला. सभेत उभा राहून सगळं सांगितलं, पुसलेल्या चौकोनासकट. थोडी शांतता पसरली. मला वाटलं, आता टाळ्या.

"मग मागच्या वर्षीचाही हिशेब काढा," तळमजल्यावरचे काका म्हणाले.

मागच्या वर्षीचा हिशेब कागदी वहीत होता आणि ती वही खरोखरच हरवली आहे, असं मी शपथेवर सांगितलं. त्यावर मात्र कोणाचा विश्वास बसला नाही.