हात पुरेल तिथे

दसरा उलटला की आमच्या घरात जागेचा प्रश्न उभा राहतो. एरवी तो आडवा पडलेला असतो, आणि आम्ही त्याला वळसा घालून वावरत असतो. पण फराळाचे डबे माळ्यावरून खाली उतरले की तो थेट ओट्यासमोर येऊन ठाकतो. आमचे स्वयंपाकघर आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. त्यातून ओटा, मोरी आणि फ्रीज यांचा वाटा वजा केला, तर एका माणसाने सरळ उभे राहावे आणि दुसऱ्याने विचारून आत यावे, एवढीच जागा उरते.

अशा घरात संसार करणाऱ्या कोणत्याही बाईप्रमाणे मीही या शास्त्रात थोडीफार पारंगत झाले आहे. चौकोनी फळीवर सारख्या आकाराचे गोल डबे ओळीने मांडले, तर शंभरातले एकवीस भाग डब्यांमधल्या पोकळीत फुकट जातात, हे मी भूमितीच्या पुस्तकातून नव्हे, तूरडाळीच्या डब्यापासून शिकले. उंच डबे मागे, बुटके पुढे; जड पातेली खाली, हलकी वर; एकात एक बसणारी भांडी एकातच; दारामागे खुंट्या आणि त्यांवर झारा, किसणी, चाळण्या. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत, सहवासाने दोघेही लवकर बिघडतात. आणि या साऱ्यांहून मोठा मंत्र असा की, जमीन संपली तरी भिंत संपत नाही. वर चला!

मी वर गेले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सुताराला बोलावले आणि एक अख्खी भिंत छतापर्यंत फळ्यांनी भरून घेतली. कोपऱ्यातले आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, जाळीचे जुने कपाट काढून टाकले. त्यातला चहा, साखर, गूळ, पोहे सारे चकचकीत चौकोनी डब्यांत जाऊन नव्या फळ्यांवर विराजमान झाले. शेजारणी येऊन पाहून गेल्या. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून, एखाद्या प्रदर्शनात उभे राहावे तसे उभे राहून कौतुक केले. आईही उंबऱ्याशी आल्या. वरपर्यंत पाहून म्हणाल्या, "छान झालं हो. डोळ्यांना बरं वाटतं."

मी त्यातले 'छान' तेवढे ऐकले. 'डोळ्यांना' हा शब्द मला ऐकू आला नाही.

आई तेव्हा ऐंशीच्या होत्या. मुळात त्या उंच नव्हत्याच, आणि वयाने पाठीला बाक आलेला. चहासाखरेचे डबे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले होते. म्हणजे आईंनी हात ताणला तरी वीतभर वर. पहिले काही दिवस त्या हाक मारत, "अगं, साखर काढून देतेस का जरा?" मी देत असे, आणि मनापासून देत असे. मग हाका कमी झाल्या. पुढे चार वाजताचा चहाच बंद झाला. विचारले तर म्हणाल्या, "नको वाटतो गं आता. पित्त होतं." आल्यागेल्याला मी सांगत असे की, वयाबरोबर आईंची इच्छा कमी होत चालली आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या प्रकृतीत शोधणे किती सोयीचे असते! तिथे आपला अपराध सापडण्याची भीती नसते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी आईंची ट्रंक खाटेखालून बाहेर ओढली. वरच्या दोन नऊवारी उचलल्या, तर घडीखाली कागदाच्या चार पुड्या. एकीत साखर, एकीत चहाची पूड, एकीत गुळाचा खडा आणि एकीत मूठभर शेंगदाणे. मी कामावर गेले की त्या आपला चहा करून पीत होत्या, कप धुऊन जागच्या जागी ठेवत होत्या, आणि माझी परतायची वेळ होण्यापूर्वी पुडी पुन्हा साडीखाली सारत होत्या.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते खरे सांगते. मला राग आला. कोणी हे पाहिले असते तर सुनेबद्दल काय म्हटले असते, हा पहिला विचार. लाज वाटली ती त्यानंतर, आणि ती मात्र अजून पुरती गेलेली नाही. ज्या बाईने या घराची कोठी चाळीस वर्षे सांभाळली, तिला आपल्याच घरात साखर लपवून ठेवावी लागली होती. आणि मी तिला एका शब्दाने दुखावले नव्हते. मी फक्त एक फळी वर ठोकली होती.

तेव्हापासून मला उंचीचा विचार छळतो आहे. आपल्याकडे वस्तू उंच ठेवण्याची रीत जुनीच आहे. दह्यादुधाचे शिंकाळे आढ्याला टांगायचे, ते मांजरापासून दूर म्हणून. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, ती पोरांपासून दूर म्हणून. कोठीच्या किल्ल्या कमरेला, त्या नव्या सुनेपासून दूर म्हणून, असेही एका काळी होतेच. जी वस्तू आपण वर ठेवतो, ती कोणापासून तरी दूर ठेवतो. आणि तसा हेतू नसला तरी ती दूर जायची राहत नाही. गोकुळातल्या पोरांनी एकमेकांच्या खांद्यांवर चढून शिंकाळ्याला हात घातला, त्या गोष्टीचा आपण दर गोपाळकाल्याला एवढा उत्सव करतो. ज्यांचा हात पुरत नव्हता त्यांचा हात अखेर पुरला, याचा आनंद त्यात आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

छोट्या स्वयंपाकघराचा हिशेब माझ्याआधी मोठ्या डोक्यांनीही केला आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशा स्वयंपाकघराचा आराखडा केला. आगगाडीच्या भोजनडब्यातली मुदपाकखाना त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती. गृहिणीची पावले नि हालचाली वाचाव्यात म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरवली. तांदूळ, साखर यांसाठी तोटीसारखे तोंड असलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठासाठी मात्र ओक लाकडाचे, कारण त्यात कीड धरत नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. बाईच्या कष्टांचा एवढ्या बारकाईने विचार झाला, याबद्दल मला त्यांचे ऋण वाटते. पण त्या खोलीवर पुढे एक आक्षेप आला, तो मला घरचाच वाटला: तिथे एका वेळी एकच माणूस काम करू शकत असे. माप अचूक होते; ते एकाच माणसाचे होते.

यावर कोणी म्हणेल, आणि मी स्वतःशी पुष्कळ वेळा म्हटलेही, की अठ्ठेचाळीस चौरस फुटांत सगळ्यांच्या हाताशी सगळे कसे यावे? दोन वेळचा स्वयंपाक जिला करायचा, तिच्या पाठीचा विचार नको का? हवा. माझीही पाठ काही लोखंडाची नाही. पण सगळे सगळ्यांच्या हाताशी यायची गरजच नसते. आईंना माझ्या मसाल्यांचे डबे नको होते. त्यांना चार गोष्टी हव्या होत्या, आणि त्या मागाव्या लागू नयेत एवढेच हवे होते.

मागणे ही एकदा करायची गोष्ट आहे. रोज करायची नाही. पाहुण्याला मागावे लागत नाही, कारण त्याने मागण्यापूर्वी आपण देतो. घरच्या माणसाला मागावे लागत नाही, कारण त्याला हात घालून घेता येते. ज्याला रोज मागावे लागते तो ना पाहुणा उरतो, ना घरचा. मी आईंना मागितले ते दरवेळी दिले, याचा मला अभिमान होता. देण्याची पाळीच येऊ नये अशी व्यवस्था करणे हे देण्याहून मोठे आहे, हे मला चार पुड्यांनी शिकवले.

त्या दिवशी मी पुड्या होत्या तशाच ठेवल्या आणि ट्रंक आत सारली. दुसऱ्या दिवशी कमरेच्या उंचीची दोन फुटांची फळी रिकामी केली. त्यासाठी बारा माणसांच्या जेवणाचा, वर्षातून एकदाही न निघणारा माझा काचेचा संच माळ्यावर गेला. फळीवर चहा, साखर, गूळ, शेंगदाणे ठेवले. हलके डबे, सैल झाकणे. कोणी काही बोलले नाही. तीन दिवसांनी सुटीच्या दुपारी चार वाजता आतून कपबशीचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईंचा, "तुझाही टाकलाय गं. ये."

ट्रंकेतल्या पुड्या अजून आहेत की नाहीत, ते मी पाहिलेले नाही. फळी एका दुपारी खाली आणता येते; बाकीच्या गोष्टींना वेळ लागतो.

यंदाही फराळाचे डबे ओट्यावर मांडून मी विचार करीत उभी होते. आई आपल्या फळीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "लाडू इथे राहू देत, माझ्यापाशी. चकल्या मात्र अगदी वर ठेव हो. त्याच्या हाताला लागल्या तर पाडव्यापर्यंत उरायच्या नाहीत." 'त्याच्या' म्हणजे त्यांच्या साठ वर्षांच्या चिरंजीवांच्या.

मी स्टुलावर चढून डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. ह्यांची उंची पाच फूट दहा इंच आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होते.