न केलेल्या अपराधाची शिक्षा

पुढे घडणाऱ्या अपराधाबद्दल एखाद्यास आज शिक्षा करावी काय? प्रश्न असा उघड विचारला असता बहुतेक वाचक ‘नाही’ असेच उत्तर देतील. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असेही म्हणतील. परंतु तो अपराध घडणारच अशी खात्री असेल, त्यात लक्षावधी निरपराध जीव जावयाचे असतील आणि तो टाळण्याचे साधन या क्षणी आपल्याच हाती असेल, तर हे उत्तर तितक्या सहजपणे तोंडातून निघेल काय? या प्रश्नाची अत्यंत स्वच्छ मांडणी मला नीतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील एका कथानकात आढळली, हे सांगताना माझ्यासारख्या अध्यापकास किंचित संकोच वाटतो. तथापि विचार कोणत्या वाटेने आला यापेक्षा तो कितपत खरा आहे, हे पाहणेच श्रेयस्कर.

‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची वैज्ञानिक अद्भुतकथांची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये खंडित झाली आणि २००५ मध्ये पुन्हा नव्याने उभी राहिली. तिचा नायक कालप्रवासी असून ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. त्याचे हाडवैरी म्हणजे डालेक. धातूच्या कवचात बसलेले हे प्राणी, आपल्याहून भिन्न असे जे जे जिवंत आहे ते ते नष्ट करणे, हेच आपले जीवितकार्य मानतात. या डालेकांच्या उत्पत्तीची कथा ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या नावाने ८ मार्च ते १२ एप्रिल १९७५ या काळात सहा भागांत दाखविली गेली. लेखक टेरी नेशन. डालेकांची मूळ कल्पनाही त्याचीच. डॉक्टरची भूमिका टॉम बेकर या नटाने केली आहे. मी हे कथानक प्रथम पाहिले ते माझ्या मुलीच्या आग्रहास्तव. नंतर दोनदा पाहिले ते मात्र आपखुशीने.

स्कारो नावाच्या ग्रहावर कालेद आणि थाल या दोन जातींमध्ये हजार वर्षे युद्ध चाललेले आहे. कालेदांचा मुख्य शास्त्रज्ञ डाव्हरॉस हा शरीराने पंगू, पण बुद्धीने प्रखर. युद्धातील विषारी द्रव्यांमुळे आपली जात विकृत होत जाणार हे ओळखून तो तिचे अखेरचे रूप प्रयोगशाळेतच तयार करतो आणि त्या रूपातून दया आणि विवेक हेतुपुरस्सर काढून टाकतो. काळ्या गणवेशांवरून आणि जातिशुद्धीच्या भाषेवरून लेखकाच्या मनात हिटलरचा जर्मनी होता, हे कोणासही कळावे. डॉक्टरला त्याच्याच जातीचे लोक या ग्रहावर पाठवितात. डालेक जन्मासच येऊ नयेत, निदान ते सौम्य व्हावेत, तेही न साधल्यास त्यांचे एखादे मर्म तरी सापडावे, अशी त्यांची आज्ञा असते.

अखेर तो प्रसंग येतो. डालेकांचे अर्भकरूप जीव ज्या दालनात वाढत आहेत तेथे स्फोटक द्रव्ये पेरली गेली आहेत. दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या दोन्ही हातांत दोन तारा आहेत. त्या एकमेकींस लावल्या की काम झाले. आणि येथे तो थांबतो. मला हा अधिकार आहे काय, असे तो स्वतःस विचारतो. एखादे मूल दाखवून ‘हे पुढे क्रूर हुकूमशहा होणार’ असे कोणी सांगितले, तर त्या मुलाचा वध आपल्या हातून होईल काय? शिवाय डालेकांच्या भयाने पुढे अनेक जगे वैर विसरून एकत्र येणार आहेत, तेही तो जाणतो. त्याची सोबतीण सारा सरळ बुद्धीची आहे. हे रोगजंतू असते तर तू क्षणभरही थांबला नसतास, असे ती म्हणते. यावर त्याचे उत्तर असे की, एक संपूर्ण बुद्धिमान जात मी पुसून टाकली तर माझ्यात आणि त्यांच्यात भेद तो कोणता उरला?

या प्रसंगाने आपल्याकडील वाचकाला प्रथम कंसाची आठवण व्हावी. आकाशवाणी खरी होती, कंसाची भीतीही खोटी नव्हती. तरी देवकीच्या बालकांचा वध करणाऱ्यास आपण पापी मानले. परंतु महाभारतात याच प्रश्नाची दुसरी, अधिक अवघड बाजू आहे. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले आणि कुळाच्या रक्षणासाठी या एकाचा त्याग करावा, असे विदुराने धृतराष्ट्रास सुचविले. विदुर म्हणजे कंस नव्हे. तो नीतीचा जाणता. धृतराष्ट्राने पुत्रस्नेहामुळे ते ऐकले नाही आणि पुढे कुरुक्षेत्र झाले. मग विदुराचेच खरे नव्हते काय?

मला वाटते, धृतराष्ट्राचा अपराध आपण चुकीच्या जागी शोधतो. पाळण्यातील मूल टाकले नाही हा त्याचा दोष नव्हे. भीमाला विष घातले गेले, लाक्षागृह रचले गेले, भरसभेत द्रौपदीची विटंबना झाली, त्या प्रत्येक वेळी भविष्य नव्हे, तर घडत असलेले कृत्य त्याच्यापुढे होते. तेव्हा पुत्रास आवरणे त्याचे कर्तव्य होते. ते त्याने केले नाही. याच्या उलट शिशुपालाचे उदाहरण पाहावे. त्याचा मृत्यू आपल्या हातून आहे हे कृष्णास ठाऊक होते. तरी शंभर अपराध पुरे होईपर्यंत त्याने हात उचलला नाही. पुढचे ठाऊक असणे म्हणजे शिक्षेचा अधिकार मिळणे नव्हे. त्या ज्ञानाने सावध राहण्याचे आणि वेळीच आवरण्याचे कर्तव्य तेवढे वाढते.

साराचा आक्षेप मात्र एवढ्याने फिटत नाही. डॉक्टरच्या त्या क्षणभराच्या थांबण्याची किंमत त्याला स्वतःला नव्हे, तर पुढे मरणाऱ्या असंख्यांना द्यावी लागणार. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्यांचे प्राण जाऊ देणे ही नीती की नीतीचा अहंकार? माझे उत्तर असे की, थांबणाऱ्याने ती किंमत डोळ्यांआड करू नये. कथानकातही डॉक्टर पुढे हे काम पुरे करावयास परत जातोच. पण तारा अखेर जुळतात त्या त्यांवरून जाणाऱ्या एका डालेकामुळे. लेखकाने येथे आपल्या नायकास निर्णयातून थोडे सोडविले आहे, असे म्हणावे लागते. जीवनात अशी सोडवणूक सहसा होत नाही.

हे मी अनुभवावरून म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात प्रवेशाच्या समितीवर मी होतो. दुसरीकडून आलेल्या एका मुलाच्या दाखल्यावर वर्तनाविषयी प्रतिकूल शेरा होता. ‘हा पुढे काय दिवे लावणार हे सांगायला ज्योतिषी नको,’ असे मीच म्हणालो. सर्वांनी माना डोलावल्या. मुलगा परत गेला. तो दाराशी क्षणभर उभा राहिला होता, एवढे मला आठवते. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. आणि हीच गोष्ट मनास लागून राहिली आहे. आमचे भाकीत खरे ठरले असते की खोटे, हे कळण्याचा मार्गच आम्ही बंद केला होता. डॉक्टरने भविष्य निदान स्वतः पाहिले होते. आम्ही पाहिला होता एक कागद!

समाजाला सावधपणा सोडता येत नाही, हे मी जाणतो. आपल्या संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातही प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे. पण तेथेही तीन महिन्यांपुढे कोणास अडकवून ठेवावयाचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागते. जो भविष्यावर विसंबून दुसऱ्यास बांधतो, त्यानेही आपली भीती कोणापुढे तरी तपासून घेतली पाहिजे, हा त्यातील आशय. आवरणे आणि नाहीसे करणे यांतील अंतर ते हेच. आवरलेल्यास आपले भाकीत खोटे पाडण्याची संधी उरते.

या कथानकात एक मनुष्य मुळीच थांबत नाही. सर्व जीवसृष्टी नष्ट करील असा विषाणू तुझ्या हाती आला तर तू तो वापरशील काय, असे डॉक्टर डाव्हरॉसला विचारतो. क्षणभर विचार करून तो ‘होय’ म्हणतो. आणि त्या विचाराने त्याचा चेहरा फुलतो. शेवटी त्याचेच डालेक त्याच्यावर उलटतात. आपल्या माणसांवर दया करा, असे तो विनवू लागतो. तेव्हा दया हा शब्द आम्हास माहीत नाही, असे उत्तर त्याला मिळते. तो शब्द त्यांना शिकविणे हे ज्याच्या हाती होते, त्यानेच तो वगळला होता.

प्रवेशाचे दिवस दरवर्षी येतात. शेरा असलेला दाखला समोर आला की आता मी त्या मुलास आत बोलावतो, बसावयास सांगतो आणि त्याच्याशी थोडा वेळ बोलतो.